तंबाखू मळून होईपर्यंत

काशीराम घरतांना बसने उचललं त्याला वर्ष होत आलं होतं, पण घरात 'बस' हा शब्द अजून जपून वापरला जायचा. त्यांच्या मुलाला, दीपेशला, कामावर जाताना उरणची बस धरायची असली तरी तो नुसतं "निघतो" म्हणे.

मागच्या डिसेंबरात काशीराम बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत धावले होते. वय सत्तावन्न. नियम असा होता की तिसाव्या किलोमीटरची कमान साडेचार तासांच्या आत ओलांडायची. पहाटे पाचला सुटलेला माणूस साडेनऊला तिथं हवा. काशीराम पोचले नऊ चौतीसला. एका मुलीने खाली वाकून त्यांच्या बुटाची वेळ मोजणारी चिप सोडवून घेतली, "काका, खूप छान धावलात," म्हणाली आणि मागे पडलेल्यांना उचलायला उभ्या असलेल्या बसकडे हात केला.

त्या बसला काळ्या काचा होत्या. तेहतिसाव्या किलोमीटरला रस्ता विमानतळाच्या भिंतीला लागून जातो. त्या भिंतीच्या आत, कुठल्यातरी काँक्रीटच्या खाली, तळखार होतं. काशीरामांचं गाव. शर्यतीत त्यांनी नाव घातलं होतं ते त्या एका किलोमीटरसाठी. एरवी त्या रस्त्यावर पायी कुणाला फिरकू देत नाहीत. वर्षातल्या एका सकाळी मात्र तो माणसांच्या पायांसाठी मोकळा होतो. त्या सकाळी काशीराम तिथून गेले ते बसून. काचेवर जमलेला दमट थर त्यांनी तळहाताने पुसला, तोवर भिंत संपली होती.

भिंतीचं हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. मनस्वीला ते कळलं जून महिन्यात, शर्यतवाल्यांनी या डिसेंबरनंतर मार्ग बदलणार, भिंतीकडून जाणार नाही, असं कळवलं तेव्हा. काशीरामांनी तो निरोप फोनवर दोनदा वाचला, फोन उशीखाली ठेवला आणि जेवायला आले नाहीत; मनस्वीने विचारलं तेव्हा मग सांगितलं.

मनस्वी त्यांची सून. पनवेल शहरात वाढलेली, तिथल्याच एका शाळेत खेळाची शिक्षिका. कॉलेजात असताना आठशे मीटर धावायची, जिल्ह्यात दुसरी आली होती. लग्न होऊन या वसाहतीत आली तेव्हा तिला नवल वाटलं होतं की तिचे सासरे रोज साडेचारला उठून धावायला जातात आणि त्यावर कुणी काही बोलत नाही. मग हळूहळू समजलं. तळखारला असताना ते त्याच वेळी उठून खाडीच्या बांधावर फेरी मारत. कुठं खेकड्याने भोक पाडलंय, कुठं माती दबलीय, पाणी आतबाहेर सोडणाऱ्या उघाडीच्या फळ्या नीट बसल्यात का, ते बघत. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे खाडी. गाव उठून वसाहतीत आलं, प्लॉट पडले, रस्त्यांना आकडे मिळाले, पण काशीरामांचे पाय साडेचारला जागे व्हायचे राहिले नाहीत. बघायला बांध नव्हता. मग ते नुसते चालू लागले, आणि चालायलाही कारण नव्हतं म्हणून धावू लागले. दिवसा ते उलव्याच्या बांधकामांवर पाण्याचा टँकर नेतात. पण सकाळचे ते दोन तास टँकर, सिमेंट, मुकादम यातल्या कशाचेच नसतात.

दुसऱ्या दिवशी मनस्वीने चहा ठेवता ठेवता विषय काढला. म्हणाली, मामा, तुमचा दम कमी नाही, वेग कमी आहे. तुम्ही रोज एकाच चालीने दहा-बारा किलोमीटर धावता, शरीराला तेवढीच चाल माहीत आहे. त्याला थोडं थोडं जोरात धावायला शिकवायचं. आठशे मीटर जोरात, मग दोन मिनिटं सावकाश चालायचं, परत आठशे. असं सहा वेळा, आठवड्यातून एक दिवस. काशीरामांनी चहा बशीत ओतला, प्याले, आणि विचारलं की दोन मिनिटं चालून काय होतं. ती म्हणाली, त्यातच सगळं होतं. त्यांना ते पटलं नाही, हे तिला त्यांच्या मानेवरून दिसलं.

बुधवार ठरला. वसाहतीच्या कडेने एक सरळ रस्ता जातो. विजेच्या डीपीपासून रंग उडालेल्या कमानीपर्यंत तो बरोबर आठशे मीटर भरला. पहिल्या बुधवारी काशीरामांनी पहिले आठशे सव्वाचार मिनिटांत मारले. मनस्वीने त्यांना पावणेसहा सांगितली होती. दुसरे सव्वापाच. तिसरे सात. चौथ्याला ते कमानीच्या खांबाला धरून उभे राहिले आणि त्यांचे ओठ पांढरे पडले.

पण तिला जास्त खटकलं ते मधल्या दोन मिनिटांचं. त्या दोन मिनिटांत ते चालतच नसत. रस्त्यावरचा दगड उचलून कडेला ठेव, गटाराच्या झाकणात अडकलेली पिशवी काढ, कुणाच्या नळातून पाणी वाहतंय तो बंद कर. तिने समजावलं तर म्हणाले, रिकामा उभा राहिलेला माणूस बरा दिसत नाही.

शिवाय एक अडचण होती. ती उभी असायची डीपीजवळ, आणि ते पोचायचे पार कमानीशी. तिथून निघायची वेळ झाली हे सांगायचं कसं? ओरडायचं तर सासऱ्यांवर भर वसाहतीत ओरडणार कशी. शाळेची शिट्टी तिने एकदा वाजवली. घरी आल्यावर हौसाबाई, तिच्या सासूबाई, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आमच्या घरच्या मानसाला शिट्टी मारून अजून कुनी बोलावलं नाय बाय." आवाजात राग नव्हता. म्हणूनच शिट्टी परत पिशवीबाहेर निघाली नाही.

पुढच्या बुधवारी हौसाबाई चिरनेरला बहिणीकडे गेल्या होत्या. मनस्वीने माळ्यावर शोधाशोध केली तेव्हा जुन्या गोधड्यांच्या खाली एक पितळी थाळी सापडली. जड, एका बाजूला चेपलेली, मध्यभागी बारीक बारीक खळगे पडलेली. लाटण्याने टिचकी दिली तर असा खणखणीत आवाज आला की तिने घाबरून तळहाताने तो दाबला. हे बरं आहे, तिला वाटलं. थाळीत अपमान नाही.

साडेपाच वाजले होते. काशीराम कमानीशी वाट बघत होते. मनस्वीने थाळी उंच धरली आणि लाटणं मारलं, एकदा नाही, नीट ऐकू जावं म्हणून सात-आठ वेळा.

पुढे जे झालं ते तिने नंतर शाळेत, माहेरी, मैत्रिणींना कितीदा तरी सांगितलं, पण दर वेळी शेवटाकडे तिचा आवाज खाली जायचा. कमानीकडून काशीराम आले ते धावत नव्हतेच. ते एखाद्या गोष्टीवर तुटून पडायला निघालेले होते. मान पुढे, मुठी आवळलेल्या, चप्पल घातल्यासारखे बूट आपटत. त्यांच्या मागून वसाहतीतले दिवे लागत गेले, एकेका घराचा, जशी काही थाळी हातात बटण घेऊन दारोदार फिरत होती. दारं उघडली. पहिला बाहेर आला जगन म्हात्रे, वय बहात्तर, अंगात गंजी, हातात घमेलं. मग दोघं फावडी घेऊन. एक म्हातारी पदर खोचत, दुसरी पाटी डोक्यावर धरून. कुणी कुणाला काही विचारलं नाही. सगळे एका दिशेने, पश्चिमेकडे, निघाले. वसाहतीच्या रस्त्यावरून चाळीस-पन्नास पावलं ती म्हातारी माणसं अनवाणी धावली. मग गतिरोधक आला. तिथं ती थांबली. पुढे दुकानांची बंद शटरं होती, एक बँकेचं एटीएम होतं आणि त्याच्या पांढऱ्या उजेडात एक कुत्रं झोपलं होतं.

कुठं जायचं ते कुणालाच कळेना.

जगन म्हाताऱ्याने घमेलं खाली ठेवलं. "कुठं फुटला?" त्याने विचारलं.

काशीराम धापा टाकत उभे होते. त्यांनी सुनेकडे पाहिलं, तिच्या हातातल्या थाळीकडे पाहिलं. "कुठं नाय," ते म्हणाले. "सून मना धावाला शिकवते."

मग पाटीवाली म्हातारी खुदकन हसली आणि तिच्या हसण्याने बाकीच्यांची गाठ सुटली. गतिरोधकावरच बैठक बसली. मनस्वी मान खाली घालून उभी राहिली, तेव्हा जगनने तिला बसायला जागा केली आणि सांगितलं. तळखारात खाडीचा बांध फुटला की जो बघेल त्याने थाळी वाजवायची. दिवस असो, रात्र असो, लग्नाची पंगत असो. ऐकेल त्याने हातातलं टाकून धावायचं. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की तीन वर्षं भात होत नाही. ती थाळी काशीरामांच्या बापाची. ते खळगे लाटण्याचे नव्हेत, कोयत्याच्या मुठीचे.

मनस्वी म्हणाली, पण मामा, तुम्हाला तर माहीत होतं ना मीच वाजवतेय. कशाला असे पळालात?

काशीरामांनी बुटाच्या नाड्या सारख्या केल्या. "मना ठाव होता," ते म्हणाले. "पायांना ठाव नव्हता."

त्या दिवशी शाळेत तिचं लक्ष लागलं नाही. आता तिला सव्वाचार मिनिटांचं कारण कळलं होतं. या माणसाच्या आयुष्यात जोरात धावणं एकाच कारणासाठी होतं, आणि तिथं पावणेसहा मिनिटांची चाल ठेवायची सोय नव्हती. तिथं थांबणं म्हणजे गावावर पाणी सोडणं. ज्याला तिने चुकीची सवय म्हटलं, ती एका गावाची सवय होती. ती मोडायची कशी, आणि का मोडायची, हे तिला सुचेना.

संध्याकाळी तिने थाळी परत गोधड्यांखाली ठेवली आणि जगनच्या ओट्यावर गेली. विचारलं, पोचल्यावर काय करायचात? नुसते धावून तर बांध बांधला जात नाही. जगनने तिला हातवारे करून दाखवलं. खाडीच्या काठापासून फुटलेल्या जागेपर्यंत माणसं हारीने उभी राहायची. एकजण चिखल कापायचा, त्याचा डोक्याएवढा गोळा करून पुढच्याच्या हातात, त्याने पुढच्याच्या हातात. भरती चढायच्या आत खिंडार बुजवायचं. चार चार तास. आणि दमत नव्हतात? तिने विचारलं. जगन म्हणाला, दमून कसं चालेल, गोळा पुढं गेला का दुसरा येईपर्यंत हात सोडून द्यायचे, असे, मेल्यासारखे. जो मधल्या वेळेतही हात ताठ ठेवायचा तो तासाभरात बसायचा. नव्या पोरांना पहिलं तेच शिकवायचे. काशीरामला त्यानेच शिकवलं होतं, काशीराम बारा वर्षांचा असताना.

मनस्वी उठली तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं.

पुढच्या बुधवारी ती कुंडीतल्या मातीचा एक ओला गोळा घेऊन आली, लिंबाएवढा. काशीरामांच्या हातात दिला. सांगितलं, हा घेऊन कमानीपर्यंत जायचं आणि जगनकाकांच्या हातात द्यायचा. तो त्यांच्या हातात आहे तोवर तुमचे हात रिकामे. ते परत देतील तेव्हा निघायचं. काशीरामांनी गोळ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग निघाले ते गोळा पडणार नाही अशा चालीने. पाच मिनिटं पन्नास.

कमानीशी जगन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला. गोळा घेऊन त्याने मांडीवर ठेवला आणि खिशातून तंबाखूची डबी काढली. चिमूट तळहातावर, नखाने चुना, अंगठ्याने मळणं, मग दुसऱ्या हाताने तीन थापा, फुंकर, आणि ओठाखाली. ते सगळं होईपर्यंत काशीराम त्याच्याभोवती हात सोडून सावकाश फिरले. दगड दिसला तरी उचलला नाही. मनस्वी घड्याळ घेऊन सायकलवरून आली होती. दोन मिनिटं चार सेकंद. पुढच्या वेळी एक अठ्ठावन्न. जगनची तंबाखू तिच्या घड्याळाला फारशी चुकत नव्हती.

हौसाबाई चिरनेरहून आल्या आणि त्यांना थाळीची हकिगत कळली. त्या रागावल्या नाहीत. माळ्यावरून थाळी काढून चिंचेने लख्ख घासली आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवली. नवऱ्याला मात्र टोमणा बसलाच. म्हणाल्या, इतकी वर्षं आमी सांगत होतो जरा बसा म्हणून, तर आयकलं नाय; सुनेनं मातीचा लाडू दिला तवा आयकलं.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबरच्या उन्हाने रस्ता सकाळपासून तापू लागला. मातीचा गोळा वाळून टणक झाला, त्याला बारीक भेगा पडल्या. सहा वेळचे आठ वेळा झाले. पावणेसहाचे साडेपाच झाले, आणि पहिला आणि आठवा यांत पाच-सात सेकंदांचाच फरक उरला. लांब पल्ल्यासाठी तिने तेच सूत्र मोठं केलं: नऊ मिनिटं धावायचं, एक मिनिट चालायचं, पहिल्या किलोमीटरपासून. दिवाळीनंतर त्यांनी कर्नाळ्याच्या बाजूला जाऊन पस्तीस किलोमीटर त्या हिशेबाने केले. घरी येऊन दोन माणसांचं जेवले आणि बसल्या जागी झोपले.

शर्यतीच्या दिवशी मनस्वी, हौसाबाई आणि जगन एकोणतिसाव्या किलोमीटरला दुभाजकाच्या कडेला उभे होते. हौसाबाईंच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीतून थाळीची कड दिसत होती. मनस्वीने ती ओळखली. थाळी आता वाजली तर ते किलोमीटरभर तुटून धावतील, कमान गाठतील कदाचित, आणि कमानीपलीकडे कोसळतील. तळखार तिथून पुढे तीन किलोमीटर होतं. पण सासूबाईंना नको म्हणायचा धीर तिला झाला नाही. इतकी वर्षं ती थाळी त्यांच्या घरात होती, तिच्या नाही.

नऊ एकोणीसला काशीराम दिसले. चेहरा राखेसारखा, खांदे कानांपर्यंत चढलेले. ते मागे वळून बघत होते. दोनशे पावलांवर बस होती, काळ्या काचांची, भगवा झेंडा लावलेली, माणसाच्या चालीने येणारी. ते पळत होते ते तिच्यापासून. चालायचं मिनिट त्यांनी मघाशीच गाळलं असावं.

हौसाबाईंनी पिशवीतून थाळी काढली. हौसाबाईंनी ती आडवी धरली, दोन्ही हातांत. त्यात लिंबाच्या फोडी होत्या आणि जाड्या मिठाचे खडे. लाटणं त्यांनी आणलंच नव्हतं.

काशीरामांनी न वाजणारी थाळी पाहिली. मग त्यांची नजर जगनकडे गेली. जगन दुभाजकावर बसला होता आणि त्याने नुकतीच डबी उघडली होती.

ते चालू लागले. थाळीतला मिठाचा खडा जिभेवर ठेवला, लिंबाची फोड चोखली, आणि हात सोडून दिले, मेल्यासारखे. पाण्याच्या बाटल्या वाटणारी मुलं ओरडू लागली, काका पळा, बस आली, काका पळा. बसचं नाक आता इतकं जवळ आलं की ड्रायव्हरच्या समोरची हळद-कुंकवाची पट्टी दिसत होती. मनस्वी घड्याळाकडे बघत होती आणि बघणं तिला सहन होत नव्हतं. जगन शेजारून चालत मळत होता. चुना. अंगठा. एक थाप, दोन. तिसरी थाप त्याने जरा लवकर मारली, हे फक्त तिच्या लक्षात आलं.

त्याने तंबाखू ओठाखाली सारली. "जा," तो म्हणाला.

नऊ वाजून अठ्ठावीस मिनिटं आणि काही सेकंदांनी काशीरामांनी तिसाव्या किलोमीटरची कमान ओलांडली. बस कमानीशी थांबली.

पुढे मनस्वी पदपथावरून त्यांच्या बरोबरीने धावली. एकतिसाव्याला वेळ झाली तरी ते चालले नाहीत, बत्तिसाव्यालाही नाही. तिने बोट वर करून घड्याळ दाखवलं तर त्यांनी मान हलवली. वेग वाढवला नव्हता, तोच होता, ओला गोळा घेऊन निघायचे तसा. मग डाव्या हाताला ती भिंत सुरू झाली, उंच, राखाडी, वर तारा. तिच्यावर कुठं काही लिहिलेलं नव्हतं. एका जागी, जी तिला बाकी भिंतीसारखीच दिसली, तिथं काशीराम धावायचे थांबले आणि चालू लागले. राखून ठेवलेलं मिनिट त्यांनी तिथं खर्च केलं.

"हितं उघाडी होती," ते म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर, "हितं जगन्या उभा राहाचा." हात दोन्ही बाजूंना सुटलेले होते, बोटं उघडी. भिंतीच्या पायथ्याशी सिमेंटच्या फटीत खाऱ्या जमिनीत येतं तसलं जाड पानांचं एक झुडूप उगवलं होतं, त्याच्याकडे त्यांनी चालता चालता बघितलं, बांधावरच्या फेरीत बघत असतील तसं. सगळं ठीक आहे ना, एवढंच बघणारी नजर.

मनस्वीने घड्याळ बाहीखाली ढकललं. निघायची वेळ तिने सांगितली नाही. काही वेळाने त्यांनी मुठी मिटल्या, खांदे सैल केले आणि ते आपणहून निघाले. अजून नऊ किलोमीटर बाकी होते.